आधी आकडा, मग उलथनं, मग खुरपं: घरच्या भट्टीवर लोहारकाम शिकणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी आमच्या शेडमध्ये कुणी नवीन माणूस आला की पाचव्या मिनिटाला विचारतो, "तलवार कधी करायची?" आमचं उत्तर ठरलेलं आहे. आधी भिंतीवर ठोकायचा एक आकडा कर, मग बोलू.

यात कायद्याचा भाग आहेच. तलवार, खंजीर, भाला ही शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्रं. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरेही त्यातच येतात, फक्त घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी केलेली हत्यारं वगळून. पण मी नको म्हणतो ते दुसऱ्याच कारणासाठी. लांब पातं हे लोहारकामातलं सगळ्यात अवघड काम. एका टोकाला ताप आणेपर्यंत दुसरं गार पडतं, ठोकताना ते वाकतं आणि पाणी देताना, म्हणजे लाल पातं झटकन बुडवून कडक करताना, पीळ खातं. पहिल्याच महिन्यात त्याला हात घातलेला माणूस दुसऱ्या महिन्यात भट्टी भंगारात घालतो. तीन जण असे गेलेले मी पाहिलेत.

मी टॉवेलच्या कारखान्यात फिटर आहे. लूमची दुरुस्ती करण्यात वीस वर्षं गेली, म्हणून लोखंड आपल्याला कळतं असा माझा समज होता. पहिला आकडा जमायला चार रविवार लागले. हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला पाच लागले तर वाईट वाटणार नाही.

जागा आणि वेळ

वर पत्रा आणि किमान दोन बाजू मोकळ्या असलेली शेड हवी. बंद खोलीत, गॅरेजचं शटर ओढून किंवा जिन्याखाली भट्टी पेटवायची नाही. धूर दिसतो, त्याने डोळे चुरचुरतात, म्हणून माणूस आपणहून बाहेर येतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग ना वास. डोकं जड झालं किंवा मळमळायला लागलं की हातातलं टाकून मोकळ्या हवेत यायचं. "उन्हाचं होत असेल" म्हणून काम चालू ठेवायचं नाही. गच्चीवरही नको. हवा भरपूर असते, पण प्रत्येक ठोका खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या डोक्यात पडतो आणि आठवड्याभरात तुमची भट्टी सोसायटीच्या सभेत पेटते.

जमीन मुरमाची किंवा मातीची असेल तर उत्तम. काँक्रीटवर लालबुंद तुकडा पडला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन सिमेंटची कपची उडते, ती थेट नडगीवर बसते. त्याच कारणाने भट्टीला आधार म्हणून ओढ्यातले गोल दगड लावू नका. तेही तडतडून फुटतात.

आता सोलापूरचं ऊन. मार्च संपला की आम्ही सहाला पेटवतो आणि नऊला विझवतो. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात हजार अंशांची भट्टी पुढ्यात ठेवून भर दुपारी बसायला फक्त हिंमत पुरत नाही. प्रत्येकाजवळ स्वतःची पाण्याची बाटली आणि सगळ्यांत मिळून ताकाची एक कॅन, मीठ घातलेली. पण सकाळचं आणखी एक कारण आहे, ते नवख्याला कुणी सांगत नाही. लोखंडाचा ताप आपण रंगावरून ओळखतो आणि उन्हात तो रंग दिसतच नाही. सावलीत जे लख्ख नारिंगी दिसतं ते उन्हात काळपट लाल वाटतं. मग माणूस अजून भाता मारतो, आणि लोखंड जळून फुलबाजीसारख्या ठिणग्या टाकायला लागतं. अशा ठिणग्या उडाल्या की ते टोक संपलं, कापून टाका. ठोकून ते परत येत नाही.

भट्टी, ऐरण, हातोडा

पहिली भट्टी विकत घेऊ नका. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, त्याच्या तळाला दोन इंची लोखंडी पाइप, पाइपच्या तोंडावर भोकं पाडलेली जाड प्लेट आणि दुसऱ्या टोकाला हाताने फिरवायचा पंखा. पाइप साधाच घ्या, जस्त चढवलेला नको, कारण पुढे येईलच. राख पडायला पाइपच्या खालच्या बाजूला एक उघडझाप करता येणारं झाकण ठेवा. विजेच्या पंख्यापेक्षा हाताचा पंखा बरा. हात थांबला की वारा थांबतो, म्हणजे गप्पांच्या नादात लोखंड जळत नाही.

इंधन म्हणून आपल्याकडे वेड्या बाभळीचा लाकडी कोळसा मुबलक मिळतो. दगडी कोळशाहून त्याला धूर कमी, म्हणून शेजारीही शांत राहतात. ठिणग्या मात्र जास्त उडवतो, तेव्हा पालापाचोळा, भुसा आणि मोटारसायकल दहा फूट लांब. कोळसा ओंजळीएवढा नको, चांगला ढीग लागतो. तुकडा ढिगाच्या मधोमध आडवा ठेवायचा. पाइपच्या तोंडाशी खुपसला तर थेट वाऱ्याने त्यावर जळक्या लोखंडाची जाड खपली धरते.

ऐरणीसाठी सगळे रेल्वेच्या रुळाचा तुकडा शोधतात. रुळाचं पोलाद चांगलं असतं हे खरं. पण आपलं गाव रेल्वेचं, आणि रुळाच्या तुकड्याची चौकशी इथे खरोखर होते. रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगण्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. भंगारवाला लिलावाच्या मालाचं बिल देत असेल तरच घ्या. "कुठून तरी आलाय" असं म्हणाला तर नमस्कार करून पुढे. त्याऐवजी जड यंत्राच्या शाफ्टचा पंधरा-वीस किलोचा तुकडा बाभळीच्या ओंडक्यात उभा गाडला की झकास ऐरण होते. ठोक्याखाली लागतं ते वजन, लांबी नव्हे.

जुन्या लूमची चौकट मात्र ऐरण म्हणून आणू नका. आपल्याकडे भंगारात लूमची बिडं ढिगाने पडलेली असतात, स्वस्त, जड आणि दिसायला अगदी भरीव. मीही आणलं होतं. बीड म्हणजे कार्बन २ टक्क्यांहून जास्त असलेलं ओतीव लोखंड. हातोड्याखाली त्याच्या कपच्या उडतात, आणि तापवून ठोकायला गेलं तर ओल्या बिस्किटासारखं चुरतं. तिसऱ्या रविवारी माझ्या ऐरणीचा कोपरा उडून पत्र्यावर जाऊन आदळला. वीस वर्षं रोज बीड हाताळणाऱ्या माणसाने हे केलं.

ऐरणीची उंची: सरळ उभं राहून हात सैल सोडला की मुठीची बोटं जिथे टेकतील तिथवर. आपले लोहार जमिनीवर बसून काम करतात आणि काय सुंदर करतात. पण नवख्याने उभं राहावं. निसटलेला लाल तुकडा उभ्या माणसाच्या पायापाशी पडतो, बसलेल्याच्या मांडीत.

हातोडा ८०० ग्रॅम ते १ किलोचा, दोन किलोचा नाही. जड हातोड्याने पाच मिनिटं जोर वाटतो, सहाव्या मिनिटाला मनगट वळतं आणि घाव तिरपा बसायला लागतो. हातोड्याचं तोंड किंचित फुगीर आणि कडा घासून गोल केलेल्या असाव्यात. धारदार कडेचा हातोडा प्रत्येक चुकीची चंद्रकोर लोखंडावर कोरून ठेवतो. सांडशी मात्र पहिली लोहाराकडूनच घ्या, आणि भाव करू नका.

लोखंड ओळखणं

सुरुवातीला नवं साधं लोखंड घ्या. हार्डवेअरवाल्याकडे एमएसचा १० मिलीचा चौकोनी गज म्हणून मागायचं. बांधकामाची टीएमटी सळई फुकट मिळते खरी, पण तिच्यावरच्या वेण्या ठोकताना आत दुमडल्या जातात आणि पुढे तिथेच चीर पडते. हात बसवायला चालेल, वस्तूला नको.

भंगारातला तुकडा कोणत्या जातीचा हे ग्राइंडरला लावून ठिणग्यांवरून कळतं. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळट आणि फाटे कमी. कमानपाट्याच्या किंवा स्प्रिंगच्या ठिणग्यांना टोकाशी दाट फुलोरा येतो. बिडाच्या आखूड, मंद लाल, तिथेच मरणाऱ्या.

काही गोष्टी भट्टीत जाताच कामा नयेत. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप, पत्रा किंवा बोल्ट: जस्त ९०७ अंशांना उकळतं, पांढरा धूर निघतो आणि त्या रात्री तुम्ही थंडीतापाने कुडकुडता. चकचकीत क्रोम केलेले पार्ट त्याहून वाईट. रंग लावलेलं काहीही आधी खरवडून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद पोकळ वस्तू. शॉक-अब्सॉर्बर, दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, गॅसचं कुठलंही नळकांडं तापवलं की बॉम्बच होतो. आत काय आहे हे माहीत नसेल तर भट्टीत नाही, एवढा एकच नियम पाळलात तरी चालेल.

अंगावर काय, खांद्यावर काय

शर्ट-पँट सुती. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. पँट बुटाच्या वरून, आत खोचलेली नाही, नाहीतर गरम खपली सरळ बुटात. चामड्याचे बूट, चपला नाहीत. डोळ्याला बाजूनेही झाकणारा सुरक्षा चष्मा, आणि तो बघ्यांनाही. आमच्या शेडमध्ये दाराशीच चार जास्तीचे टांगलेले असतात. कानात बोळे घाला. ऐरणीचा टणत्कार ऐकायला गोड वाटतो, वर्षाने त्याचीच शिट्टी रात्री कानात वाजते. सांडशीच्या हातात चामड्याचा मोजा चालतो, हातोड्याच्या हातात नको, दांडा सटकतो. मोजा ओला झाला तर लगेच काढा. गरम वस्तूला लागताच त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि हात आतल्या आत उकडतो.

आता टॉवेल. टॉवेलच्या गावात आपण, खांद्यावर टॉवेल नसला तर अर्धवट कपडे घातल्यासारखं वाटतं. दोन वर्षांपूर्वी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून मी एक पाटा घासत होतो. गळ्यातल्या टॉवेलचं टोक खाली लोंबलं आणि ब्रशने ते उचललं. काय झालं ते कळायच्या आत ग्राइंडर छातीपर्यंत चढून आला होता. बटण लॉक केलेलं, दोन्ही हात त्यालाच ढकलत होते, बटणापर्यंत पोहोचतच नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराने प्लग ओढला म्हणून निभावलं. शर्ट फाटला, गळ्याला दोरीसारखा वळ उठला, तो पंधरा दिवस टिकला. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, आपल्या हाताचा वेग त्यापुढे काहीच नाही. तेव्हापासून शेडमध्ये टॉवेल, मफलर, ओढणी, हातातला गंडा, लोंबणारी साखळी, काही नाही. ग्राइंडरचं गार्ड कुणी काढलं तर त्या दिवशी त्याचं काम बंद. बटण लॉक करायचं नाही. प्लग हाताच्या अंतरावर.

भाजण्याचे बहुतेक प्रसंग लाल लोखंडाने होतच नाहीत. लाल दिसतं, माणूस सांभाळतो. काळं झालेलं, पण आत अजून चारशे अंशांवर असलेलं लोखंड फसवतं. म्हणून गरम तुकडा ठेवायची एकच जागा ठरवा. आमच्याकडे ती वाळूची पाटी आहे, आणि पाटीतलं सगळं कायम गरम असं धरून चालायचं. जमिनीवर पडलेलं उचलण्याआधी तळहात नाही, हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघायची.

भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. अंगठी-कडं सुजण्याआधी काढा. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ यांतलं काही नको. फोड फोडू नका. भाजलेला भाग तळहाताएवढा असेल, किंवा चेहरा, सांधा, हाताचा पंजा यांवर असेल तर थेट दवाखाना. शेडमध्ये पाण्याची एक बादली, वाळूची एक आणि विझवायचं नळकांडं दाराच्या बाजूला हवं, भट्टीच्या मागे नाही. आग लागल्यावर भट्टी ओलांडून कोण जाणार?

पहिला आकडा

१० मिली चौकोनी गजाचा दोन फूट लांब तुकडा घ्या. एवढा लांब, कारण दुसरं टोक हातात धरता येतं आणि सांडशीची झटापट पहिल्या दिवशी टळते.

टोकाचा तीन इंच भाग पिवळट नारिंगी होऊ द्या. ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर टोक टेकवा, गजाचा हातातला भाग किंचित वर, आणि हातोडा तेवढाच कलता. एक घाव, पाव फेरा, दुसरा घाव, पाव फेरा उलटा. फक्त दोनच बाजूंवर मारायचं, समोरच्या बाजूंचं काम ऐरण करते. इथे सगळ्यांचं एकच चुकतं: फेरा पुरता नव्वद अंशांचा होत नाही आणि चौकोनाचं शंकरपाळं होतं. झालं तर पुढे रेटू नका. शंकरपाळ्याचे उंच कोपरे वर घेऊन हलक्या हाताने आधी चौकोन परत आणा. शंकरपाळं तसंच ठोकत राहिलात तर मधोमध उभी चीर जाते, आणि ती शेवटपर्यंत सोबत करते.

रंग काळपट लाल झाला की थांबा आणि परत भट्टीत. नवख्याला वाटतं अजून दोन ठोके बसतील. ते दोनच ठोके चिरा पाडतात. आमच्याकडे अधूनमधून येऊन बसणारे एक म्हातारे लोहार आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते काही शिकवत नाहीत. तुम्ही गार लोखंडावर मारलं की फक्त जीभ टाळूला लावून "च्च" करतात. महिनाभरात त्या "च्च"च्या आधीच हात थांबायला लागतो.

टोक चौकोनीच निमुळतं होत चार-साडेचार इंच लांब झालं की मग कोपरे मारून अष्टकोन, मग गोल. चौकोन, अष्टकोन, गोल, हा क्रम मोडायचा नाही. गोल ठेवूनच निमुळतं करायला गेलात तर आत पोकळ फाट पडते.

आता टोकाला छोटी मुरड. अगदी शेवटचा अर्धा इंच कडेबाहेर काढून खाली वळवा, उलटं करा आणि टोकाला आपल्याकडे हलकेच ढकलत गुंडाळा. ही मुरड पाण्यात बुडवून गार करा (साधं लोखंड आहे, पाण्याने बिघडत नाही), म्हणजे मोठा बाक देताना ती दबत नाही. मोठा बाक व्हाइसमध्ये पकडलेल्या इंची पाइपवर, मुरडीच्या उलट दिशेला. इथे हातोडा आपटायचा नाही, पाइपच्या पुढे गेलेल्या भागावर थापटायचं. पाइपवर दाबून मारलं तर बाक येत नाही, गज चेपतो.

बाकापासून चार इंचांवर छिन्नीने कापा. खाली मऊ लोखंडाची पट्टी ठेवा, ऐरणीवर छिन्नी उतरू देऊ नका. पूर्ण कापायचं नाही. थोडं राखून हाताने मोडायचं, नाहीतर कापलेला तुकडा उडतो. कापलेलं टोक पानासारखं चपटं करा, स्क्रूसाठी दोन भोकं पाडा. तारेच्या ब्रशने खपली काढून, वस्तू काळी पण अजून गरम असताना मेण किंवा जवसाचं तेल चोपडा. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेते. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

असे दहा आकडे करा. पहिला आणि दहावा शेजारी ठेवा.

उलथनं

ज्वारीच्या भाकरीच्या मुलखात दुसरी वस्तू कोणती हे वेगळं सांगायला नको. २० बाय ५ मिलीची पट्टी, चौदा इंच. एक टोक पसरायचं आहे, म्हणून हातोड्याची चोच, म्हणजे सपाट तोंडामागची निमुळती बाजू, पट्टीच्या लांबीला समांतर धरा. चोच ज्या दिशेला लांब, लोखंड तिच्या आडव्या दिशेला पसरतं. मधून दोन्ही कडांकडे घाव नेत जा, मग सपाट तोंडाने खुणा बसवा. पुढची कड २ मिलीपर्यंत आली की भाकरीखाली सहज जाते. पातळ लोखंड झटकन तापतं आणि तितक्याच झटकन जळतं, म्हणून पान पातळ झाल्यावर भाता अर्ध्याने कमी.

दांड्याला पीळ घालायची सगळ्यांना हौस. त्यासाठी दांडा आधी चौकोनी करून घ्या. पिळाचा भाग सगळीकडे सारखा नारिंगी हवा. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं सांडशीत, आणि एकाच तापात न थांबता फिरवा. थांबून परत तापवलं की पीळ कुठे दाट, कुठे विरळ. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून खपली घासून काढा, धुऊन पुसा आणि करडईच्या तेलाचा पातळ हात देऊन तव्यासारखं तापवून घ्या. दोन-तीनदा केलं की काळा, घट्ट थर बसतो. खाण्याच्या वस्तूला जवसाच्या तेलापेक्षा हे बरं.

माझं पहिलं उलथनं आईने भाकरीखाली घातलं आणि म्हणाली, "हे उलटतंय का खणतंय?" कड ४ मिलीची राहिली होती. आता ते आमच्याकडे निखारे ओढायला आहे.

खुरपं आणि पाणी देणं

इथे पहिल्यांदा पोलाद येतं. ट्रक-ट्रॉलीच्या कमानपाट्याचा तुकडा. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या कोयत्यांनाही लोहार तोच वापरतात. हे साध्या लोखंडासारखं वागवायचं नाही. फार पिवळं होऊ द्यायचं नाही, नारिंगीवरच काम, आणि मंद लाल झालं की हातोडा खाली. गरम असताना पाण्यात बुडवायचं नाही. जुन्या पाट्याला आधीच बारीक चिरा असू शकतात, तेव्हा ग्राइंडरने पृष्ठभाग उघडून बघा. अर्धचंद्राचं पान ठोकून, शेपटीला बाक देऊन आकार पुरा करा, पण धारेची कड दीड-दोन मिली जाड राहू द्या. आधीच कागदासारखी केली तर पाणी देताना वाकडी होते.

आकार झाल्यावर तीनदा लाल करून तीनदा वाऱ्यावर गार होऊ द्या, म्हणजे ठोकण्याचा ताण निघतो. मग खरं पाणी. लोखंड ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. दोऱ्याला बांधलेलं चुंबक जवळ ठेवा. चिकटेना झालं की अजून किंचित तापवा आणि कोमट तेलात, पन्नास-साठ अंशांच्या, उभं बुडवा. पुरतं बुडवा. अर्धं बाहेर राहिलं तर तेल तिथेच पेटतं. तेल खाण्याचं, जाड लोखंडी डब्यात, झाकण हाताशी. प्लॅस्टिकची बादली नाही, गाडीचं जळकं ऑइल नाही, त्याचा धूर विषारी. तेल पेटलं तर झाकण, पाणी कधीच नाही.

म्हणाल, अण्णा तर पाण्यातच बुडवतात. बुडवतात, पण फक्त धार, आणि मोजून काही क्षण, मग पाठीच्या उरलेल्या तापाने रंग परत धारेकडे चढू देतात. पन्नास वर्षांचा अंदाज आहे तो. आपण तेलातच राहावं.

तेलातून काढल्यावर कानस घसरायला हवी, चावली तर पाणी लागलं नाही. लागलं असेल तर आता पातं काचेसारखं ठिसूळ आहे, खाली पडलं तरी तुटेल. म्हणून त्याच दिवशी तो कडकपणा थोडा उतरवा. पॉलिश पेपरने एक बाजू चकचकीत करा आणि पाठीकडून हळूहळू तापवा. आधी फिकट पिवळा रंग सरकतो, साधारण २२० अंशांना. मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. सुरीला पिवळ्यावर थांबतात. खुरप्याला दगड लागतात, म्हणून जांभळा धारेवर पोहोचू द्या आणि तिथे थांबवा. हा रंग सरकताना बघणं हेच या सगळ्या खटाटोपाचं बक्षीस आहे असं मला वाटतं, खुरपं नंतर.

एकमेकांच्या सोबतीने

एकट्याने भट्टी पेटवू नका, निदान पहिलं वर्ष. टॉवेलची गोष्ट वर सांगितलीच. शिवाय जड तुकड्यावर एक जण सांडशी-हातोडा आणि दुसरा घण, ही जोडी लागते. तिच्या खुणा आधी ठरवा: हातोडा जिथे पडेल तिथेच घण, आणि हातोडा ऐरणीवर आडवा वाजला की घण थांबला. रस्त्याकडेला पाल टाकलेल्या घिसाडी कुटुंबात बाई घण मारते आणि नवरा तुकडा फिरवतो, ती लय एकदा उभं राहून बघा. बघून झाल्यावर काहीतरी विकतही घ्या.

लोहाराकडे शिकायला जाताना वेळ बघून जा. मृगाच्या तोंडावर आणि ऊसतोड सुरू होण्याआधी त्याला मान वर करायला फुरसत नसते. दोन तास बसलात तर दोन तासांचे पैसे द्या, चहा-पाण्यावर भागवू नका. आणि त्याच्याहून स्वस्तात खुरपी विकायला निघू नका. आपली हौस आहे, त्याचं पोट आहे. आमच्यात एकाने गावच्या बाजारात कोयते मांडले होते, त्याच्याशी यावरून माझं कडाक्याचं भांडण झालं. अजून तो नीट बोलत नाही.

आमच्या शेडमध्ये तेलाचा पंधरा किलोचा एक डबा आहे, बिघडलेल्या वस्तूंचा. शंकरपाळी झालेली टोकं, जळकी टोकं, पाण्यात तडकलेली खुरपी, माझ्या बिडाच्या ऐरणीचा उडालेला कोपरा. नवीन माणसाला आधी हा डबा उपडा करून दाखवतो आणि प्रत्येक तुकडा कुणाचा ते सांगतो. बोलायची रीतही ठरलेली आहे. वस्तू हातात घेतल्याशिवाय मत द्यायचं नाही. काय जमलंय ते आधी, मग एकच चूक, एकाच वेळी पाच नाहीत. आणि विचारल्याशिवाय कुणाच्या हातातला हातोडा घेऊन "असं बघ" करायचं नाही. पुरुषमंडळी हे बायकांच्या बाबतीत हमखास करतात.

एक शाळेतल्या बाई गेल्या खंडेनवमीपासून यायला लागल्या. नवमीला हत्यारांची पूजा असते, भट्टी बंद, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी फक्त डबा पाहिला. पुढच्या रविवारपासून आकडा. त्यांचा पहिला आकडा एका बाजूला कलला होता, मुरड दबलेली, एक भोक पानाच्या अगदी कडेला गेलेलं. त्या तो डब्यात टाकायला निघाल्या होत्या. अण्णांनी तो घेतला, अंगठ्याने टोक चाचपलं, "च्च" केलं नाही, आणि दाराच्या चौकटीला स्वतः ठोकला. कोणी शेडमध्ये आलं की ग्राइंडर सुरू होण्याआधी खांद्यावरचा टॉवेल त्याच आकड्याला अडकवायचा. परवा मोजले, सहा होते. अजून वाकलेला नाही.